रात्री साडेबाराची नाकाबंदी आणि आमच्याच नंबरची दुसरी गाडी

खाडीकाठची

तीन आठवडे झाले, तरी रस्त्यात पिवळे बॅरिकेड दिसले की पोटात गोळा येतो. म्हणून शेवटी इथे चर्चेचा धागा काढते आहे. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, सासूबाई, आठ वर्षांची लेक आणि धाकटा दीर. ठाण्याहून सोलापूर, विजयपूर, बदामी, हंपी आणि परत येताना बेळगावला मुक्काम. नऊ दिवस आणि सतराशेच्या आसपास किलोमीटर. सासूबाईंना बदामीची लेणी बघायची कितीतरी वर्षांची इच्छा होती. त्या पायऱ्या त्यांनी काठी टेकत टेकत चढल्या. फार सुंदर प्रवास झाला, हे आधी लिहून ठेवते, कारण आता घरात कुणी त्या प्रवासाबद्दल बोललं की शेवटच्या तासाचंच बोलतं.

शेवटच्या दिवशी बेळगावहून दुपारी तीनला निघालो. खेड शिवापूरच्या पुढे जेवलो. घाटात ट्रकांची रांग लागली होती, त्यात तासभर गेला. कळंबोलीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. लेक माझ्या मांडीवर झोपली होती. "आता काय, आलंच घर," असं सासूबाई म्हणाल्या. कळंबोली आणि आमचं घर यांच्यामधल्या पट्ट्यात ही नाकाबंदी होती. नेमकी जागा आणि पोलीस स्टेशन लिहिणार नाही, विचारूही नका.

पुढच्या दोन गाड्या सोडल्या. आमच्या नंबरप्लेटवर बॅटरीचा झोत पडला आणि तिथेच थांबला. हवालदारानं प्लेट बघितली, हातातल्या मोबाईलमध्ये बघितलं, पुन्हा प्लेट बघितली. मग शिट्टी वाजली. एक जण बॉनेटसमोर उभा राहिला, दुसऱ्यानं आमच्या मागे बॅरिकेड ओढलं. "इंजिन बंद. चावी इकडे द्या." नवऱ्याला वाटलं कागद मागतील, म्हणून त्याचा हात डॅशबोर्डच्या कप्प्याकडे गेला. त्यासरशी हवालदार इतक्या जोरात ओरडला, "हात बाहेर! दोन्ही हात बाहेर काढा!" की लेक दचकून उठली आणि रडायला लागली.

दीर तेवीस वर्षांचा आहे. तो दार उघडून उतरला आणि मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. "आधी कारण सांगा, मग चावी मागा." त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही, पण त्या क्षणी त्याचा आवाज चढला, त्यांचा चढला, आणि दोघांच्या मध्ये हातभर अंतर उरलं. मी मागच्या सीटवरून ओरडले, "भाऊजी, माझी शपथ आहे, मोबाईल खाली करा." त्यानं खाली केला. पुढे काय झालं असतं याचा विचार अजून रात्री येतो.

मग नवऱ्याला जीपपाशी नेलं, दिराला दुसऱ्या बाजूला. मला गाडीपाशीच विचारलं, "संध्याकाळी सहाला कुठे होतात? गाडी कोण चालवत होतं? गाडी कुणाला दिली होती का?" मी म्हटलं, कराडच्या आसपास होतो. पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा तोच. मी दोनदा विचारलं, "दादा, झालंय काय?" उत्तर आलं, "साहेब येतील, ते सांगतील."

साहेब यायला पस्तीस मिनिटं लागली. या पस्तीस मिनिटांत सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं. वय अडुसष्ट, साखरेचा आजार, जेवण होऊन चार तास होत आलेले. त्या मला कानात सांगत होत्या आणि मला पोलिसांना सांगायची भीती वाटत होती. शेवटी त्यांनीच काच खाली करून हाक मारली, "अहो दादा, मला लघवीला जायचंय हो." एक महिला कॉन्स्टेबल होत्या, त्या लगेच आल्या. त्यांनी सासूबाईंचा हात धरून रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर नेलं आणि परत आणून बसवलं. बाटलीतलं पाणीही दिलं. त्या ताईंचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मला खंत आहे.

साहेब आले. त्यांनी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चेसिस नंबर कुठेय?" आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सात वर्षं गाडी वापरतोय! हवालदारालाच माहीत होतं. त्यानं पुढची डावी सीट मागे ढकलली, खालच्या कार्पेटचा कापलेला तुकडा उचलला. त्याखाली बदामीची लाल माती, चुरमुऱ्यांचे दाणे आणि पत्र्यावर ठोकलेली सतरा अक्षरं. त्यानं बोटानं माती पुसली आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. साहेब आरसीवर बोट ठेवून "हं, हं" करत होते. एका ठिकाणी तो अडला. आठ आहे की इंग्रजी बी? पुन्हा पुसलं, बॅटरी आडवी धरली. "आठ आहे, साहेब." त्या एका आकड्यासाठी मी किती वेळ श्वास धरला होता ते सोडल्यावर कळलं.

नवऱ्यानं मग फास्टॅगचे मेसेज काढून दाखवले. किणी टोलनाका ५.१४, कराडजवळचा तासवडे ६.०२, आनेवाडी ७.०५. साहेबांनी ते दोनदा वाचले. तेव्हा पहिल्यांदा आम्हाला कळलं की त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्याच नंबरची, आमच्याच रंगाची गाडी ठाणे जिल्ह्यात एका गुन्ह्यात वापरली गेली होती. नंबर सगळीकडे कळवलेला होता. "तुमचा नंबर लावून कुणीतरी फिरतंय. उद्याच्या उद्या अर्ज द्या," असं म्हणून त्यांनी चावी परत दिली.

आम्ही विचारलं, पुढच्या नाक्यावर पुन्हा अडवलं तर? काहीतरी लिहून द्या. ते म्हणाले, तसं लिहून देत नाहीत. पण त्यांनी वायरलेसवर आमच्यासमोर कळवलं की या नंबरची ठाण्याकडे येणारी गाडी तपासलेली आहे, कुटुंब आहे, सोडा. घरापर्यंत कुणी अडवलं नाही. एकूण पंचावन्न मिनिटं.

मला पोलिसांविरुद्ध मोहीम काढायची नाही. त्यांनी शिवी दिली नाही, पैसे मागितले नाहीत, दीर चढला तरी हात उचलला नाही. माझं म्हणणं एकच आहे. थांबवण्याचं कारण पहिल्या मिनिटाला सांगायला हवं होतं. "तुमच्या नंबरची खात्री करायची आहे," एवढं एक वाक्य. दीर उतरला नसता, आणि आम्ही फास्टॅगचे मेसेज तेव्हाच दाखवले असते. यावर कायदा काय म्हणतो, आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय करावं, हे जाणकारांनी सांगा.

लांबपल्ला

वाचताना घशाला कोरड पडली. मी वर्षाला पंचवीसेक हजार किलोमीटर चालवतो, त्यातलं निम्मं रात्री. रात्री थांबवलं की मी आधी आतला दिवा लावतो, चारही काचा खाली करतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो. कागद कुठे आहेत ते तोंडानं सांगतो, "कप्प्यात आहेत, काढू का?" विचारतो, आणि ते हो म्हणाले की मगच काढतो. गडद फिल्म नसलेल्या, दिवा लावलेल्या गाडीत म्हातारी बाई आणि लहान मूल दिसलं की समोरच्याचाही जीव भांड्यात पडतो.

बंदोबस्तातली लेक

माझे वडील पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नाकाबंदीची ड्युटी असली की आई जागी राहायची. का, ते लिहिते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर जी नाकाबंदी होती तीही अशीच, रस्त्यावर बॅरिकेड आणि हातात लाठ्या. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गाडीतून उतरणाऱ्या कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या रात्रीनंतर आमच्या घरात "नुसती नाकाबंदी" हा शब्द कुणी वापरला नाही.

तुमचा नंबर गुन्ह्यातला म्हणून आलेला होता. त्या हवालदाराच्या दृष्टीनं काचेपलीकडे कोण आहे ते माहीत नाही, आणि चालकाचा हात कप्प्यात चाललाय. तो ओरडला तो घाबरून ओरडला असणार. हे तुमच्या लेकीला आत्ता नाही तर दोन वर्षांनी तरी सांगा, पोलिसांची भीती मनात घेऊन तिनं मोठं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. कारण सांगायला हवं होतं, हे मात्र मान्य. बाबा म्हणायचे, आधी हातांवर नजर, मग नमस्कार, मग कारण.

काळा कोट वाशी

कायद्याचं थोडक्यात लिहितो. इथे दोन गोष्टी मिसळल्या जातात.

एक, वाहतुकीची तपासणी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ सांगतो की लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे कागद छापील किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. म्हणजे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधले चालतात, पण गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. कागद जवळ नसतील तर १५ दिवसांत सादर करायची सोय त्याच नियमात आहे. वाहतुकीच्या साध्या चुकीसाठी चावी काढून घेण्याचा अधिकार या कायद्यात कुठे लिहिलेला नाही.

दुसरी, गुन्ह्याच्या संशयावरून केलेली थांबवणूक. तुमची ही होती. इथे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागते, जी १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू कलम १०६ खाली पोलीस ताब्यात घेऊ शकतात, त्यात गाडीही आली. त्यामुळे चावी मागितली यात मला बेकायदा काही दिसत नाही. झडती आणि जप्ती झाली असती तर कलम १०५ प्रमाणे तिचं ध्वनिचित्रमुद्रण करणं त्यांच्यावरच बंधनकारक होतं.

आता कारण सांगण्याबद्दल. अटक केली तर कारण सांगावंच लागतं. राज्यघटनेचं अनुच्छेद २२ आणि संहितेचं कलम ४७ याबाबत स्पष्ट आहेत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत बाईला अटक करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते, तीही अपवादात्मक परिस्थितीतच. पण नाकाबंदीत थांबवणं म्हणजे अटक नव्हे, म्हणून हे संरक्षण तिथे आपोआप लागू होत नाही. तुमची तक्रार याच फटीतली आहे, आणि ती रास्त आहे.

मधली रांग

मला हे पटत नाही. थांबवण्याचं कारण सांगितलं तर खरा गुन्हेगार सावध होईल. पोलिसांना काय माहीत तुम्ही खरे की खोटे? पंचावन्न मिनिटं गेली, पण निर्दोष ठरून घरी गेलात. गुन्हा ज्यांच्या बाबतीत घडला त्यांचाही विचार करा.

खाडीकाठची

मधली रांग, त्यांचा विचार रोज येतो. म्हणूनच आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सोडून अर्ज द्यायला गेलो. पण गुन्हा कुठला, कुणी केला, हे सांगा असं मी म्हणत नाही. आमच्या चारही बाजूंनी पोलीस उभे होते, चावी त्यांच्या हातात होती. खरा गुन्हेगार असता तर तेवढ्यानंच सावध झाला असता. "नंबरची खात्री करतोय" या वाक्यानं त्याला नवीन काय कळलं असतं? आम्हाला मात्र कळलं असतं की आपण काही केलेलं नाही आणि हे सिद्ध करता येईल. ती पस्तीस मिनिटं माझा नवरा जीपपाशी उभा राहून विचार करत होता की गेल्या महिन्यात गाडीचा कुणाला धक्का वगैरे लागला होता का. दीर आपल्या मित्रांची नावं आठवत होता. न केलेल्या गुन्ह्याची उजळणी माणूस करायला लागतो.

बंदोबस्तातली लेक, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे पोरीचं." माझंही बऱ्यापैकी मत बदललं त्या ओरडण्याबद्दल.

भाजीची गाडी

मी नारायणगावहून तुर्भ्याच्या मार्केटला माल आणतो. रात्रीच यावं लागतं, पहाटे माल उतरला नाही तर भाव पडतो. मला एका रात्रीत दोन-दोन, तीन-तीनदा थांबवतात. थांबवण्याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. विचारायचं असतं हेच हा धागा वाचून कळलं. ताई, तुमच्याबरोबर म्हातारी आई होती, लेकरू होतं, शेवटी साहेब नीट बोलले. माझ्यासारख्या एकट्या ड्रायव्हरला खाली उतरवून उभं करतात आणि टोमॅटो तापत राहतो. तुम्ही मागताय ते वाक्य आम्हालाही मिळालं तर बरं होईल.

आणि चेसिस नंबर पाठ करू नका, पण कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आम्हाला पासिंगच्या वेळी पेन्सिलीनं त्याची छाप काढून द्यावी लागते, म्हणून माहीत असतं. कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, अक्षरं उमटतात.

कापूरबावडीकर

थोडा वेगळा अनुभव, पण कुणाच्या तरी कामी येईल. विधानसभेच्या आचारसंहितेत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, काकांच्या ऑपरेशनसाठी नव्वद हजार रोख घेऊन नाशिकहून येत होतो. नाक्यावर निवडणुकीच्या पथकानं थांबवलं. ५० हजारांच्या वर रोकड असली की हिशोब विचारतात. बँकेतून काढल्याची पावती होती, हॉस्पिटलचा अंदाजपत्रकाचा कागद होता, व्हिडिओ चित्रण करून वीस मिनिटांत सोडलं. तिथे पहिलं वाक्य "निवडणुकीची तपासणी आहे" हेच होतं, आणि त्या एका वाक्यानं मी शांत राहिलो. पैसे अडकले तर सोडवून घ्यायला जिल्हा पातळीवर समिती असते, तिचा पत्ता त्याच पथकाला विचारायचा.

रातराणी ऐरोली

मी रात्रपाळी करते, एकटी गाडी चालवते. एकच विचारायचंय. साध्या कपड्यातल्या कुणी हात केला तर थांबायचं का?

काळा कोट वाशी

लायसन्स मागण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे, हे वर लिहिलंच. सुनसान जागी साध्या कपड्यातल्या माणसानं हात केला तर वेग कमी करा, इंडिकेटर द्या, उजेड आणि माणसं असलेल्या पंपापर्यंत किंवा पुढच्या नाक्यापर्यंत जा आणि ११२ लावून सांगा. पण गणवेशातले पोलीस, बॅरिकेड आणि जीप असेल तर थांबाच. नाकाबंदी तोडून जाणाऱ्या गाडीबद्दल पुढचा नाका काय समजेल याचा विचार करा.

खाडीकाठची

आता पुढची हकीकत, कारण बऱ्याच जणांनी खासगी निरोप पाठवून विचारलंय.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला. आरसी, विमा, फास्टॅगचं बँकेकडचं स्टेटमेंट, बेळगावच्या हॉटेलचं बिल आणि टोलचे मेसेज छापून, असं सगळं जोडलं. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घेतली. आरटीओला तीच प्रत दिली.

मग महाट्रॅफिकवर, म्हणजे वाहतूक पोलिसांच्या ऑनलाइन दंड बघायच्या सोयीवर, आमचा नंबर टाकला आणि हादरलोच. तीन ई-चलानं होती, तिन्ही गेल्या चार महिन्यांतली, आणि तिन्ही अशा रस्त्यांवरची जिथे आम्ही त्या दिवशी गेलेलोच नाही. मेसेज आले असतील, आम्ही उघडून बघितले नसतील. चलानाबरोबर फोटो असतो. नवऱ्यानं तो मोठा करून बघितला. गाडी आमच्यासारखीच पांढरी, तेच मॉडेल. पण छतावर काळ्या पट्ट्या, सामान बांधायच्या. आमच्या गाडीला त्या नाहीत. मागच्या काचेवर एक गोल स्टिकर, तोही आमचा नाही. कुणीतरी आमची गाडी कुठेतरी उभी असताना नंबर बघून घेतला, कदाचित आमच्या सोसायटीच्या बाहेरच, या विचारानं अंगावर काटा आला. महाट्रॅफिकवरच तक्रार करायची सोय आहे, तिथे दोन्ही गाड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून टाकले. एक चलान रद्द झालंय, दोनांचं उत्तर यायचंय.

आमची गाडी २०१७ ची. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी, म्हणजे एचएसआरपी नंबरप्लेट, बसवायची सक्ती आली, मुदत वाढत गेली आणि आम्ही "बघू पुढच्या महिन्यात" करत राहिलो. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, एवढाच खर्च होता. परवा बसवून घेतली. बसवणाऱ्या मुलानं लेझरनं कोरलेला वेगळा क्रमांक दाखवला, डावीकडचं अशोकचक्राचं होलोग्राम दाखवलं, आणि स्नॅप लॉक ठोकताना म्हणाला, "आता ही काढायची तर तोडावीच लागेल." जुनी साधी प्लेट कुठल्याही दुकानात अर्ध्या तासात बनायची. ज्यांची राहिली असेल त्यांनी आजच वेळ घ्या, हात जोडून सांगते.

दुसरी गाडी अजून सापडलेली नाही. ज्या रात्री अडवलं त्या नाक्यावरच्या साहेबांना मी एक पत्रही लिहिलं. तक्रार म्हणून नाही. महिला कॉन्स्टेबल ताईंचे आभार मानले, आणि ते पहिल्या मिनिटातलं एक वाक्य लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

लांबपल्ला

पुन्हा प्रवास कधी?

खाडीकाठची

शनिवारी नाशिकला, मामेसासऱ्यांकडे. लेक म्हणाली, दिवसा जाऊ. सकाळी सहाला निघतोय. अर्जाची शिक्का मारलेली प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कप्प्यात आरसीच्या वर ठेवली आहे, आणि सीटखालचं कार्पेट झाडून घेतलंय.